आजी, मुशी आणि 'रामदास' : समुद्री राक्षसांच्या सिनेमांची एक घरगुती हकिगत



मागच्या आठवड्यात इथं कुणीतरी लश्करातल्या जुन्या टॉकीजच्या आठवणी लिहिल्या, त्यावरून हे आठवलं. लिहीन लिहीन म्हणता बरीच वर्षं राहूनच गेलं होतं. थोडं लांबलंय, चहा घेऊन बसा.

आमच्या लहानपणी ग्वाल्हेरात रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमाचा शो असायचा. घरंदाज बायकांनी जायची ती जागा नव्हे, असं सगळ्यांचं ठाम मत. पुढच्या बाकांवर शिट्ट्या मारणारी पोरं, मागे कॉलेजवाले आणि मधे आमच्या काकांसारखे एजी ऑफिसातले, इंग्रजी समजणारे आणि समजतं हे दाखवणारे. अशा एका शोला १९८० च्या सुमारास आमची आजी गेली. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात पानाची चंची. सिनेमा होता 'जॉज'.

काकांनी तिला शार्कबद्दल काही सांगितलंच नव्हतं. "आई, चल, समुद्र दाखवतायत," एवढंच म्हणाले. ती लगेच उठली. कारण लग्न होऊन ती ग्वाल्हेरला आली त्याला तेव्हा पस्तीसेक वर्षं झाली होती आणि इतक्या वर्षांत तिनं समुद्र पाहिला नव्हता.

आजीचं माहेर अलिबागच्या बाजूला, रेवसजवळ. आपल्या ग्वाल्हेरकरांचं समुद्राशी नातं तसं कागदावरचंच. इथले सरदार आंग्रे कान्होजींच्या घराण्यातले, पण त्यांच्या या दरबारी शाखेलाही उभा जन्म काढायचा तो किल्ल्याखाली, उन्हाच्या झळा खात. आपल्याकडे पाणी म्हणजे सागरताल नाहीतर तिघऱ्याचं धरण. आजीकडे समुद्र यायचा तो पार्सलातून. वर्षातून एकदा माहेराहून सोडे, सुकट आणि बोंबील यायचे, आणि त्या दिवशी वाड्यातली निम्मी बिऱ्हाडं खिडक्या लावून घ्यायची.

आता मुद्द्याचं. समुद्रातून काहीतरी अजस्र वर येतं, जहाजाला विळखा घालतं, माणसं ओढून नेतं, असे सिनेमे माणूस पैसे मोजून का बघतो? माझी मुलं आणि भाचे 'द मेग' बघतात तेव्हा आमची ही विचारते, "यात काय आवडतं रे तुम्हाला?" तिला दोन वाक्यांत सांगता येत नाही. मला याचं उत्तर जे काही समजलं ते आजीमुळे.

ही आवड काही सिनेमानं लावलेली नाही. आपल्या पुराणांतला समुद्र कधी रिकामा नव्हताच. मोठा मासा तो तिमी आणि त्या तिमीलाही गिळणारा तो तिमिंगिल. नुसत्या नावातच केवढी भीती भरलीय बघा. रामलीलेत सुरसा आली की आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो. हनुमान मोठा होतो, तिचं तोंड त्याहून मोठं होतं, मग हा अंगठ्याएवढा होऊन आत शिरून बाहेर येतो. पण खरी भीती वाटायची ती सिंहिकेची. ती दिसतच नाही. वरून उडणाऱ्याची पाण्यावर पडलेली सावली धरून ती त्याला खाली ओढते. खालून कुणीतरी धरलंय आणि कोण ते कळत नाही, ही गोष्ट पुढे सिनेमावाल्यांनी शंभर वेळा वापरली.

युरोपात हीच भीती ज्यूल व्हर्ननं पाणबुडीत बसवली. १८६१ मध्ये 'अलेक्टन' नावाच्या फ्रेंच जहाजाला कॅनरी बेटांजवळ एक प्रचंड माखूल दिसलं होतं. खलाशांनी दोर टाकून ते वर ओढायचा प्रयत्न केला, पण शेपटीचा तुकडा तेवढा हाती लागला. व्हर्नच्या वाचनात ही हकिगत होती. १८६९-७० मध्ये त्याची समुद्राखालच्या सफरीची कादंबरी क्रमशः छापून आली, तिच्यात नॉटिलसवर माखलांचा हल्ला आहे. त्यात एक खलाशी जातो, आणि नंतर कॅप्टन नेमो त्या पाण्याकडे बघत रडतो. ही ओळ मला फार उशिरा महत्त्वाची वाटली.

हा नेमो आपल्या बाजूचाच माणूस आहे, हे किती जणांना माहीत आहे? व्हर्नच्या मनात आधी तो पोलंडचा उमराव होता, रशियावर सूड घेणारा. प्रकाशकाला ते मानवलं नाही, म्हणून पहिल्या कादंबरीत त्याचं गाव-कूळ झाकूनच ठेवलं गेलं. पुढे 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये गुपित उघडलं : नेमो म्हणजे राजपुत्र डक्कार, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, १८५७ च्या लढ्यात सगळं घरदार गमावलेला. म्हणजे १८५८ च्या जूनमध्ये आपल्या ग्वाल्हेरच्या उंबऱ्यावर झाशीची राणी लढता लढता पडली, त्याच लढ्यातला हा कल्पनेतला बंडखोर. फुलबागेतल्या समाधीवरून जाताना मला नेमो आठवतो. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला म्हणून तो आमच्यापर्यंत आला. डिस्नेनं १९५४ मध्ये या कादंबरीवर सिनेमा काढला तेव्हा मात्र नेमोचं हिंदुस्थानी असणं कुठल्या कुठे गेलं. ते काम जेम्स मेसननं केलं. नसीरुद्दीन शहा नेमो म्हणून पडद्यावर यायला २००३ साल उजाडलं.

त्या डिस्नेच्या सिनेमाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. माखलाशी लढाई आधी शांत समुद्रावर, मावळतीच्या उजेडात घेतली होती. पडद्यावर बघतात तर सगळं हास्यास्पद, माखूल हलवणाऱ्या तारासुद्धा दिसतायत. मग तो सगळा प्रसंग टाकून दिला आणि रात्रीच्या वादळात, फेसाळत्या लाटांत पुन्हा घेतला. तारा लपल्या आणि भीती वाढली. सिनेमाला स्पेशल इफेक्टचं ऑस्कर मिळालं. कमी दिसलं की जास्त घाबरायला होतं, हा या धंद्यातला पहिला धडा.

त्याच साली जपानमध्ये जे झालं ते याहून गंभीर. १ मार्च १९५४ ला अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिथून बरंच दूर, जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर, एक जपानी मासेमारी बोट होती, २३ खलाशांची. त्यांच्यावर पांढरी राख पडली. सगळे आजारी पडले आणि सप्टेंबरात बोटीवरचा रेडिओवाला वारला. नोव्हेंबरात तोहो कंपनीचा सिनेमा आला, 'गोजिरा'. आपण त्याला गॉडझिला म्हणतो. मराठीत नाव ऐकलं तर वाटेल कुणीतरी साजिरा-गोजिरा असेल, पण जपानीत ते गोरिला आणि देवमासा हे दोन शब्द जोडून बनलंय. बॉम्बच्या चाचण्यांनी समुद्रतळातून जागा झालेला हा प्राणी. त्या सिनेमात गोजिरा दिसण्याच्या कितीतरी आधी एक जहाज समुद्रात लखकन पेटतं आणि बुडतं, आणि खलाशांच्या घरची माणसं कंपनीच्या कचेरीत गर्दी करून विचारत राहतात : आमच्या माणसांचं काय झालं?

हा प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा उठून पाणी प्यायला गेलो होतो. का, ते पुढे येतंच आहे.

आता 'जॉज'. अमेरिकेत तो लागला २० जून १९७५ ला. आपल्या गावापर्यंत सिनेमे सावकाश यायचे. स्टीव्हन स्पीलबर्ग तेव्हा सत्ताविशीतला पोरगा. स्टुडिओतल्या टाकीत नको, खऱ्या समुद्रात चित्रीकरण करायचं, हा हट्ट. ५५ दिवसांचं काम १५९ दिवसांवर गेलं. यंत्राचे तीन शार्क बनवले होते, ते खाऱ्या पाण्यात सारखे बिघडायचे. मग करायचं काय? शार्क दाखवायचाच नाही. नुसतं पाणी दाखवायचं, एखादं पिवळं पिंप ओढलं जाताना दाखवायचं, आणि जॉन विल्यम्सचे ते दोन सूर. ते सूर पहिल्यांदा ऐकले तेव्हा स्पीलबर्गला चेष्टा वाटली होती म्हणे. शार्क नीटसा दिसतो तो सिनेमा तासभर पुढे सरकल्यावर. यंत्र धड चाललं असतं तर कदाचित साधासाच सिनेमा झाला असता.

आमच्या टॉकीजमध्ये तो दिसला तेव्हा अख्खं थिएटर किंचाळलं. मी काकांच्या दंडाला नखं रुतवली होती. आणि त्या गडबडीत आजीचा खणखणीत आवाज : "अगं बाई, ही तर मुशी!"

पुढचे दोन बाक वळून बघायला लागले. आजीला काही फरक पडला नाही. "मुशीला काय घाबरायचं? कालवण करतात हिचं. बाळंतिणीला घालतात. एवढी मोठी असली म्हणून काय झालं, अख्ख्या गावाला पुरेल." मागून कुणीतरी हिंदीत म्हणालं, "अम्मां, चुप रहिये, डर लगने दीजिये." हशा पिकला. काका लाजेनं अर्धे झाले होते.

मग तो प्रसंग आला. ज्यांनी सिनेमा पाहिलाय त्यांना आठवेल. रात्र, छोटीशी बोट, तिघं जण दारू पीत अंगावरचे व्रण दाखवून हसतायत. आणि म्हातारा क्विंट एकदम आपली गोष्ट सांगायला लागतो. तो 'इंडियानापोलिस' या युद्धनौकेवर होता. ही खरी हकिगत आहे. या नौकेनं हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बचे भाग टिनियन बेटावर पोचवले आणि त्यानंतरच्या प्रवासात, ३० जुलै १९४५ ला, जपानी पाणबुडीनं तिला बुडवलं. जवळपास १,२०० माणसं होती, वाचली ३१६. कित्येक दिवस पाण्यात तरंगत होती, तहानेनं, उन्हानं आणि शार्कनं मरत होती. त्या प्रसंगात शार्क दिसत नाही, मारामारी नाही, एक माणूस नुसता बोलतो. पोरं कंटाळून बाहेर चहाला गेली.

आजीनं काकांना विचारलं, "काय सांगतोय रे तो?"

काका हळूच सांगायला लागले. जहाज बुडालं. माणसं पाण्यात पडली. कोणी यायलाच तयार नाही.

"किती माणसं?"

"अकराशे म्हणतोय."

"वाचली किती?"

"तीनशे सोळा."

आजी काही बोलली नाही. उरलेला सिनेमाभर बोलली नाही. शार्कच्या चिंधड्या उडाल्या, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि ही पदर तोंडाशी धरून बसलेली. बाहेर आल्यावर बेडई-जिलेबीचा बेत ठरलेला होता. ती नको म्हणाली.

त्या रात्री आम्हाला पहिल्यांदा 'रामदास' कळली.

१७ जुलै १९४७. गटारी अमावस्या. मुंबईत नोकरी-धंदा करणारी अलिबागकडची माणसं सणाला घरी निघालेली. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी आठच्या सुमाराला 'रामदास' बोट रेवसला निघाली. पावसाळी समुद्र. अर्ध्या तासातच काश्याच्या खडकाजवळ लाटेनं बोट कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. रेवसकडून येणाऱ्या कोळ्यांच्या होड्यांनी अनेकांना वर काढलं, नाहीतर आकडा आणखी वाढला असता. स्वातंत्र्याला महिना उरलेला, वर्तमानपत्रं फाळणीच्या बातम्यांनी भरलेली. त्या गर्दीत ही बातमी लवकरच मागे पडली.

त्या बोटीवर आजीचा थोरला भाऊ होता. गिरगावात नोकरीला होता. प्रेत मिळालं नाही.

तार ग्वाल्हेरला आली तेव्हा माझे वडील दोन महिन्यांचे. आजीला माहेरी जायचं होतं. आजोबा म्हणाले, दिवस धड नाहीत, गाड्यांचा भरवसा नाही, कडेवर तान्हं मूल, पावसाळा संपला की बघू. पावसाळा संपला तेव्हा दंगली होत्या. दंगली संपल्या तेव्हा घरात दुसरं काहीतरी होतं. मग आजीची आईही गेली आणि जायचं कारणच उरलं नाही. आजोबांना कोणी वाईट म्हणणार नाही, त्या काळी कोणीही हेच केलं असतं. पण तिनं ते कधी माफ केलं नाही, हे त्या रात्री आम्हाला कळलं. आजोबा दाराआड उभे राहून ऐकत होते. आत आले नाहीत.

त्या रात्री ती जे बोलली ते मी इतकी वर्षं जपून ठेवलंय. म्हणाली, "त्या बोटवाल्याला निदान जनावर तरी दिसलं रे. ह्यानं खाल्लं म्हणून बोट दाखवता येतं. मागे लागून मारता येतं. माझ्या दादाला कुणी नेलं? लाटेनं. लाटेला काय करू?"

मंडळी, माझ्या मते या सिनेमांचं सगळं आकर्षण या तीन-चार वाक्यांत आहे. समुद्र माणसं नेतो आणि त्याला तोंड नाही. राग काढायचा तर कुणावर? सिनेमा त्याला तोंड देतो, दात देतो, डोळे देतो. मग त्याच्याशी भांडता येतं. बॉम्बला कुणी जाब विचारू शकत नव्हतं, पण गोजिरावर तोफा डागता येत होत्या. क्विंटला जपानी पाणबुडीवरही सूड घेता येईना आणि आपल्याच सैन्यावरही, म्हणून तो आयुष्यभर शार्क मारत हिंडतो. शेवटचा स्फोट झाला की थिएटरात टाळ्या पडतात त्या हिरोसाठी नसतात. कुठलातरी जुना हिशोब घटकाभर चुकता झाला, त्याच्या त्या टाळ्या.

पुढे केबल आली आणि हिंदी डबिंगमधून या सिनेमांचा पूरच आला. १९८९ या एका वर्षात समुद्राखालचे तीन सिनेमे निघाले होते : 'डीपस्टार सिक्स', 'लेवायथन' आणि 'द अबिस'. माझा आवडता म्हणाल तर १९९८ चा 'डीप रायझिंग'. 'टायटॅनिक'ची लाट भरात होती तेव्हाच तो आला आणि पार वाहून गेला. एक आलिशान प्रवासी जहाज, भाडोत्री बंदूकवाले त्यावर चढतात, तर जहाज रिकामं. नुसतं रक्त. मग नळांतून, जिन्यांतून ते विळखे यायला लागतात. धावाधाव, गोळीबार आणि मधेमधे विनोद. त्यात थोर काही नाही. पण भाच्यांबरोबर उन्हाळ्याच्या दुपारी कूलरसमोर बसून मी तो किती वेळा पाहिला असेल याला गणती नाही. पुढच्याच वर्षी 'डीप ब्लू सी' आला, त्यात सॅम्युअल जॅक्सन ऐन भाषणात गिळला जातो तेव्हा आमच्या घरात आजही टाळ्या पडतात. हसत हसत घाबरणं ही चैन आहे, आणि ती कोरड्या जागी बसलेल्यालाच परवडते. ग्वाल्हेर-इंदूरला हे सिनेमे इतके चालायचे, त्याचं हेही एक कारण असेल.

पण या चैनीची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली, हेही सांगायला हवं. 'जॉज'नंतर अमेरिकेत शार्क मारणं मर्दुमकीचं झालं. मूळ कादंबरी लिहिणाऱ्या पीटर बेंचलीला पुढे त्याचा पश्चात्ताप झाला आणि उरलेलं आयुष्य त्यानं शार्क वाचवण्यासाठी बोलण्या-लिहिण्यात घातलं. आपल्या बडोदेकर मंडळींच्या सौराष्ट्र किनाऱ्यावर व्हेल शार्कची शिकार व्हायची. एवढा अवाढव्य मासा, पण माणसाच्या वाटेला न जाणारा. त्याला गळ मारून पिंपं बांधायची, म्हणजे ओढून ओढून तो दमतो. तिथले कोळी त्या माशालाच 'बॅरल' म्हणायचे. 'जॉज'मधली पिवळी पिंपं आठवा. माईक पांडे यांच्या माहितीपटानं ही शिकार जगासमोर आणली आणि २००१ मध्ये कायद्यानं ती बंद झाली. राक्षस कोण होता, हा प्रश्न शेवटी असा उलटून येतो. आजीनं मुशीला कधी राक्षस म्हटलंच नव्हतं. तिच्या लेखी ते अन्न होतं, हातचं राखून घ्यायचं.

आजी १९९१ मध्ये गेली. समुद्र तिनं परत पाहिलाच नाही. काकांनी दोनदा तिकिटं काढली, दोन्ही वेळा ती ऐनवेळी नाही म्हणाली. "पडद्यावर पाहिला, पुरे," म्हणायची.

काही वर्षांपूर्वी मी एकटाच भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसलो. दिवस हिवाळ्याचा, पाणी तेलासारखं शांत. शेजारी एक मावशी मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. काश्याचा खडक कुठे, विचारलं तर त्यांनी हनुवटीनं दाखवला आणि विचारलं, "तुमचं कोण होतं?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांचेही दोन जण होते.

खाली पाण्यात बघत राहिलो. काही नव्हतं. नेमो का रडला असेल, ते मला तिथं कळलं.

इथं इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, कुठली कुठली मंडळी आहेत. कुणाच्या घरात 'रामदास'ची आठवण असेल तर खाली जरूर लिहा. नाव आठवत नसेल तर नातं लिहा. आणि ज्यांच्या घरात आज्या आहेत त्यांनी त्यांना एकदा समुद्रावर नेऊन आणा. ऐनवेळी नाही म्हणाल्या, तरी न्या.